रक्ताच्या बाटलीवरची चिठ्ठी

ईद-ए-मिलादच्या रक्तदान शिबिरांत मी अनेक वर्षं एक गोष्ट सांगत आलो. डॉ. चार्ल्स ड्रू या काळ्या अमेरिकन सर्जनने रक्तपेढ्यांचं शास्त्र उभं केलं आणि १९५० साली अपघातात जखमी झाल्यावर गोऱ्यांच्या हॉस्पिटलने त्यांनाच रक्त नाकारलं. लोक हळहळायचे, रक्तदात्यांची रांग वाढायची. पुढे वाचनात आलं की या गोष्टीचा शेवट खोटा आहे. १ एप्रिल १९५० रोजी नॉर्थ कॅरोलिनात ड्रू यांची गाडी उलटली, तेव्हा गोऱ्या डॉक्टरांनी त्यांना वाचवण्याची शर्थ केली होती. गाडीत सोबत असलेल्या काळ्या डॉक्टरांनीच तशी साक्ष दिली आहे. मी मात्र बेधडक सांगत राहिलो, कारण गोष्ट सोयीची होती.

खरा अन्याय आधीच होऊन गेला होता. १९४० मध्ये युद्धग्रस्त ब्रिटनसाठी न्यूयॉर्कमध्ये प्लाझ्मा गोळा करण्याचं काम ड्रू यांनी सांभाळलं. पुढच्या वर्षी अमेरिकन रेडक्रॉसने सैन्यासाठी तेच काम हाती घेतलं आणि काळ्यांचं रक्त घ्यायलाच नकार दिला. ओरड झाली, तेव्हा जानेवारी १९४२ पासून ते घेऊ लागले, पण वेगळी चिठ्ठी लावून, वेगळं ठेवून. रक्तात गट असतात, वंश नसतो, हे सैन्याच्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं. गोऱ्या सैनिकाच्या मनाला चालणार नाही, एवढीच सबब. रुग्णाच्या मनाची कदर करायची. देणाऱ्याच्या मनाचं काय? यामागे कसलंही शास्त्र नाही, असं ड्रू यांनी जाहीरपणे सांगितलं. रेडक्रॉसने ही पद्धत १९५० मध्ये सोडली. लुइझियानात तर तसा कायदाच होता, तो १९७२ पर्यंत टिकला.

ड्रू गेले त्याच वर्षी डिसेंबरात, त्याच परगण्यात एका काळ्या विद्यार्थ्याला अपघात झाला. ‘काळ्यांसाठी खाट रिकामी नाही’ म्हणून एका मोठ्या हॉस्पिटलने त्याला परत पाठवलं आणि थोड्याच वेळात तो दगावला. त्याचं नाव कुणाला आठवत नाही. असे मृत्यू लोकांनी ड्रू यांच्या नावावर जमा केले असावेत.

‘मुस्लिम तरुणाच्या रक्ताने हिंदू मातेला जीवदान’ अशा बातम्यांची कात्रणं माझ्या कपाटात आहेत. मीच हौसेने जमवलेली. कौतुकाची असली, तरी तीही चिठ्ठीच की!

यंदाच्या शिबिरात मी ड्रू यांची गोष्ट खऱ्या शेवटासह सांगितली. संयोजक बाजूला घेऊन म्हणाले, “भाई, जुनीच बरी होती.”