फ्यूजच्या तारेपासून आरसीसीबीपर्यंत

घरगुती विद्युतसुरक्षेचा इतिहास वितळणाऱ्या तारेपासून सुरू होतो. थॉमस एडिसनने १८९० मध्ये फ्यूजचे पेटंट घेतले. भारतीय घरांत चिनी मातीचा किटकॅट फ्यूज अनेक दशके टिकला. तो साधा आणि स्वस्त होता, पण फ्यूज सारखा उडू लागला की लोक त्यात जाड तांब्याची तार गुंडाळत. मग फ्यूज शाबूत राही आणि भिंतीतली वायरिंग जळे. ही सवय फार घातक होती.

१९२४ मध्ये जर्मनीत हुगो श्टोट्झ यांच्या कंपनीने एमसीबीचे (मिनिएचर सर्किट ब्रेकर) पेटंट घेतले. जादा भाराने त्यातली द्विधातू पट्टी वाकते, शॉर्टसर्किट झाल्यास विद्युतचुंबक खटका पाडतो. तरीही शॉकपासून माणूस सुरक्षित नव्हता. १६ अँपिअरचा एमसीबी ज्याची दखलही घेत नाही, असा काही दशांश अँपिअरचा प्रवाह जीव घेऊ शकतो. १९६१ मध्ये अमेरिकेत चार्ल्स डालझील यांनी ५ मिलिअँपिअर गळतीवर प्रवाह तोडणारे साधन बनवले. आपल्याकडच्या घरांत प्रामुख्याने ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (रेसिड्युअल करंट सर्किट ब्रेकर) बसतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परतला नाही, की आरसीसीबी पडतो.

म्हणूनच वीज गेली की कोणता खटका पडला, एमसीबीचा की आरसीसीबीचा, हे आधी पाहावे. गीझर लावताच आरसीसीबी पडत असेल, तर बहुधा कॉइलचे आवरण फुटून पाणी आत शिरलेले असते. कॉइल तापल्यावरच गळती सुरू होणेही शक्य असते. अशा वेळी आरसीसीबी काढून टाकणे म्हणजे जुन्या जाड तारेचीच चूक पुन्हा करणे होय. बदलायची ती कॉइल.