शेरे आणि नोंदी : उत्तरेकडच्या शहरांचे मुसाफिर

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम. या शहराच्या सॉडरमाल्म भागात एक मोठी मशीद आहे. मशीद म्हणून ती सुरू झाली २००० सालच्या जून महिन्यात. इमारत मात्र १९०३ सालची आहे आणि ती बांधली गेली होती वीजकेंद्र म्हणून. फर्डिनांड बोबर्ग या स्वीडिश वास्तुरचनाकाराने त्या वीजकेंद्राला जे रूप दिले, त्यावर स्पेनमधील अंदालुसियाच्या मुस्लिम वास्तुकलेचा ठसा होता. जवळजवळ शंभर वर्षांनी त्याच भिंतींच्या आत नमाजाच्या सफा उभ्या राहिल्या. दूरच्या मुलखाची एका माणसाच्या मनावर पडलेली छाप कुठे आणि कधी उपयोगाला येईल, हे सांगता येत नाही.

अंदालुसियातून उत्तरेकडे गेलेली वाट याहून कितीतरी जुनी आहे. इसवी सन ९६५ च्या सुमारास इब्राहिम इब्न याकूब अत्‌-तर्तूशी नावाचा एक मुसाफिर तर्तूशा गावाहून निघून युरोपभर हिंडला. तो मूळचा ज्यू असावा असे अभ्यासक मानतात. पण तो वाढला कुर्तुब्याच्या खिलाफतीच्या मुलखात आणि त्याने लिहिले अरबीत. त्या काळी स्टॉकहोम नव्हते, कोपनहेगनही नव्हते. डेन लोकांची मोठी बाजारपेठ होती हेडेबी. आज ती जागा जर्मनीच्या हद्दीत, श्लेस्विग शहराजवळ आहे. तर्तूशीचे मूळ पुस्तक हरवले. परंतु तेराव्या शतकातील कझवीनीने आपल्या ग्रंथात त्यातला भाग उतरवून घेतला, म्हणून आपल्याला हेडेबीचे वर्णन मिळते.

तर्तूशी काय सांगतो? जगाच्या समुद्राच्या अगदी टोकाला असलेले हे फार मोठे शहर आहे. शहरात गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. लोक व्याधाच्या ताऱ्याची पूजा करतात. थोडे ख्रिस्ती आहेत आणि त्यांचे एक चर्च आहे. ज्याने जनावराचा बळी दिला, तो ते दारापुढच्या खांबावर लटकावतो, म्हणजे शेजाऱ्यांना कळते. खाणे मुख्यतः मासळीचे. तलाकचा हक्क येथे बाईकडे आहे. डोळ्यांना लावायचे एक प्रसाधन पुरुष आणि बायका दोघेही वापरतात. शहर गरीब आहे, आणि येथल्या लोकांच्या गाण्याइतके भेसूर गाणे आपण कधी ऐकले नाही. ते कुत्र्यांच्या गुरगुरण्यासारखे, किंबहुना त्याहून वाईट आहे!

या वर्णनात दोन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. विहिरी, मासळी, चर्च, दारापुढचा बळी, बाईचा तलाकचा हक्क ही झाली नोंद. गाणे भेसूर आहे, शहर दरिद्री आहे, हा झाला शेरा. हेडेबीचे उत्खनन विसाव्या शतकात झाले. विहिरी खरोखरच सापडल्या. पण शहर दरिद्री नव्हते. उत्तरेतल्या मोठ्या व्यापारी ठिकाणांपैकी ते एक होते. कुर्तुब्यासारख्या नगराची सवय झालेल्या डोळ्यांना ते दरिद्री दिसले, एवढेच. शेऱ्यातून आपल्याला हेडेबी कमी कळते आणि तर्तूशी जास्त कळतो.

तर्तूशीच्या आधी, ९२१ साली, बगदादच्या खलिफाच्या वकिलातीबरोबर इब्न फदलान निघाला आणि पुढच्या वर्षी व्होल्गा नदीकाठी त्याला रूस व्यापारी भेटले. हे रूस मूळचे स्कँडिनेव्हियाकडचे. त्यांची शरीरे खजुराच्या झाडांसारखी उंच आणि बांधेसूद आहेत, असे तो लिहितो. आणि अल्लाहच्या निर्मितीत यांच्याइतके अस्वच्छ कोणी नाही, असेही लिहितो. पण त्याने एका सरदाराचा अंत्यविधी पाहिला. प्रेत नावेत ठेवून ती नाव कशी जाळली, हे त्याने क्रमाने लिहून ठेवले. त्या लोकांच्या रीतिरिवाजांचा अभ्यास करणाऱ्याला आजही या वर्णनाशिवाय पुढे जाता येत नाही. अस्वच्छतेचा शेरा वाचून लोक हसतात. नोंद मात्र कामाला येते.

ही ये-जा केवळ मुसाफिरांची नव्हती. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९९९ साली स्पिलिंग्ज येथे जमिनीत पुरलेला चांदीचा साठा सापडला. त्यात चौदा हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांतली बहुतेक मुस्लिम राज्यांत पाडलेले दिरहम होते. ज्यांची अक्षरे तिथे कोणाला वाचता येत नसतील, ती नाणी हजारो कोसांवर शेताखाली हजार वर्षे पडून होती.

आता उलट दिशेची सफर पाहू. तिचा शेवट आपल्या मुंबईशी जोडलेला आहे.

४ जानेवारी १७६१ रोजी डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथून राजा पाचव्या फ्रेडरिकच्या खर्चाने सहा जणांची मोहीम अरबस्तानाकडे निघाली. त्यांत भाषापंडित फॉन हावेन, निसर्गशास्त्रज्ञ पीटर फोर्सकोल, वैद्य क्रामर, चित्रकार बाउरेनफाइंड, एक नोकर आणि मोजणीदार कार्स्टेन नीबूर होते. राजाने दिलेल्या लेखी सूचना मुद्दाम ध्यानात घेण्याजोग्या आहेत. प्रत्येकाने स्वतंत्र रोजनिशी ठेवावी. अरबस्तानच्या रहिवाशांशी अदबीने वागावे आणि त्यांच्या धर्मावर आक्षेप घेऊ नये. अठराव्या शतकातल्या युरोपीय राजाची ही आज्ञा आहे, हे विसरू नये.

येमेनमध्ये तापाने मोहीम उद्ध्वस्त केली. १७६३ च्या मे महिन्यात मोखा येथे फॉन हावेन गेला, जुलैत यरीम येथे फोर्सकोल. मुंबईकडे येताना चित्रकार आणि नोकर समुद्रातच वारले. सप्टेंबर १७६३ मध्ये मुंबईच्या बंदरात उतरले ते फक्त दोघे. त्यांतला क्रामर १७६४ च्या फेब्रुवारीत मुंबईतच वारला. उरला एकटा नीबूर.

मुंबईत तो डिसेंबर १७६४ पर्यंत होता. मधल्या काळात सुरतेलाही जाऊन आला. घारापुरीची लेणी त्याने मोजली आणि त्यांची चित्रे काढली. मुंबईची वस्ती त्याने सुमारे १,४०,००० लिहिली आहे, आणि ती वाढण्याचे कारण म्हणून सर्व धर्मांच्या लोकांना असलेली मोकळीक सांगितली आहे. अडीचशे वर्षांपूर्वी एका परक्याला आपल्या शहराची ही खूण डोळ्यांत भरली.

पुढे तो मस्कत, शिराज, बगदाद, हलब, इस्तंबूल या वाटेने गेला. अंगावर त्या मुलखाचा पोशाख, ताटात तिथलेच अन्न आणि नाव अब्दुल्ला. मार्च १७६५ मध्ये इराणातील पर्सेपोलिसच्या अवशेषांत बसून त्याने दगडांवरचे कीलाकार लेख उतरवून घेतले. त्यातले एकही अक्षर त्याला वाचता येत नव्हते. त्या काळी जगात कोणालाच येत नव्हते. तरी त्याने रेघ न् रेघ जशी दिसली तशी उतरवली. १८०२ साली ग्रोटेफेंड नावाच्या शिक्षकाने याच नकलांच्या आधारे त्या लिपीचे कोडे सोडवायला सुरुवात केली. स्वतःला न समजलेली गोष्टही प्रामाणिकपणे उतरवून ठेवली, तर ती पुढच्या पिढीला समजू शकते. नोंदीचे मोल याहून चांगले कोण सांगणार?

नोव्हेंबर १७६७ मध्ये नीबूर कोपनहेगनला पोचला. ज्या राजाने धाडले होते, तो आदल्या वर्षी वारला होता. नीबूरने आपली पुस्तके तर छापलीच, पण मृत मित्र फोर्सकोलची हस्तलिखितेही १७७५ साली त्याच्याच नावाने प्रसिद्ध केली. अनेकांनी यातून स्वतःचे नाव केले असते!

हा फोर्सकोल लिनियसचा शिष्य. लिनियस शिकवत असे उप्साला येथे. स्टॉकहोमपासून साधारण सत्तर किलोमीटरवरचे हे विद्यापीठाचे गाव. प्राण्यांना आणि वनस्पतींना दुहेरी शास्त्रीय नाव देण्याची पद्धत लिनियसने रूढ केली. आपल्या मोराचे शास्त्रीय नाव त्यानेच १७५८ साली नोंदवले. स्वतः तो हिंदुस्थानात कधी आला नाही. पूर्वेकडून वस्तू जात आणि नावे उत्तरेत ठरत, असा तो काळ होता.

त्याच उप्सालाला १९५० च्या जूनमध्ये पक्षिशास्त्रज्ञांची दहावी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचे निमंत्रण मुंबईच्या खेतवाडीत जन्मलेल्या एका माणसाला होते. डॉ. सालिम अली यांचे वय तेव्हा त्रेपन्न. मोटारसायकलचा त्यांना विलक्षण नाद. आपली सनबीम मोटारसायकल त्यांनी मुंबईहून ‘स्ट्रॅथेडन’ बोटीवर चढवली आणि युरोपात तिच्यावरून भटकंती केली. फ्रान्समध्ये छोटा अपघात झाला, जर्मनीतल्या दगडी रस्त्यांवर ते अनेकदा घसरून पडले. सामानाने लादलेली गाडी घेऊन ते उप्सालाला पोचले ते पहिल्या बैठकीच्या ऐन वेळेवर. लागलीच बोलबाला झाला की, हा गृहस्थ थेट हिंदुस्थानातून मोटारसायकलवर आला!

गंमत पाहा. हजार वर्षांपूर्वी पूर्वेच्या मुसाफिरांनी उत्तरेविषयी शेरे मारले होते. आता उत्तरेत जमलेल्या विद्वानांनी पूर्वेच्या मुसाफिराविषयी एक दंतकथा रचली. पण सालिम अलींना निमंत्रण मोटारसायकलमुळे मिळाले नव्हते. १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांवर दिवसेंदिवस पाळत ठेवली. हैदराबाद आणि त्रावणकोर संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी केली. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक आले. वह्याच्या वह्या भरल्या, तेव्हा उप्सालाच्या सभागृहात त्यांना खुर्ची मिळाली. लिनियसच्या गावात आता पूर्वेकडून केवळ वस्तू आली नाही, वस्तू ओळखणारा आला.

नोंदीची आणखी एक कडी डेन्मार्कची आहे. १८९९ साली व्हिबोर्ग गावच्या मॉर्टेन्सन या शिक्षकाने मैनेच्या जातीच्या पक्ष्यांच्या पायांत अॅल्युमिनियमची क्रमांक घातलेली कडी अडकवून त्यांना सोडले. पक्षी कुठून कुठे जातात हे शोधण्याची ती पद्धत जगभर गेली. १९५९ पासून सालिम अलींच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, हे काम आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर चालवले. पक्षी मिळाल्यास मुंबईला कळवा, अशी सूचना त्या कड्यांवर कोरलेली असे.

हे सारे आमच्या नीरा-भीमेच्या काठी बसून लिहिताना एक प्रश्न सुटत नाही. इंदापूर तालुक्याच्या टोकाला नरसिंहपूर येथे नीरा भीमेला मिळते. संगमाच्या वरच्या अंगाला १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमाकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर दिसू लागते. त्याच पाण्यावर भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. पुण्या-मुंबईची माणसे दुर्बिणी घेऊन येतात, मोजतात, लिहून ठेवतात. पक्ष्यांची नोंद होते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या काठच्या माणसांची? किती जमीन गेली, किती मोबदला मिळाला, हे सरकारी दप्तरात सापडेल. मुलाणी, तांबोळी, आतार, बागवान ही घरे या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदली. कोणत्या पिराचा उरूस कुठे भरत असे, ताबूत कोणाच्या दारात बसत, वारीला निघालेल्या शेजाऱ्याचे घर कोण राखी, लग्नात आपल्या बायका कोणती मराठी गाणी म्हणत, हे कोणी लिहून ठेवले?

आपल्या समाजाविषयी शेऱ्यांची कधीच कमतरता नव्हती. कोणी आपल्याला मागास म्हणतो, कोणी परके म्हणतो, कोणी कौतुकाने डोक्यावर घेतो. शेऱ्याला शेऱ्याने उत्तर देण्यात आपणही पुष्कळ शाई आणि श्वास खर्च करतो. तर्तूशीला डेन लोकांनी आपले गाणे गोड असल्याचे सांगून काय झाले असते? त्यांनी ते गाणे लिहून ठेवले असते, तर आज आपण स्वतः ठरवले असते.

आज आपली मुले-मुली शिकायला आणि नोकरीला स्टॉकहोम, कोपनहेगन, ओस्लोपर्यंत जाऊ लागली आहेत. २०१५ साली रमजान जूनच्या मध्यावर सुरू झाला. त्या दिवसांत स्टॉकहोमला सूर्य पहाटे साडेतीनच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो. काहींनी तिथल्या सूर्याप्रमाणे रोजा धरला, काहींनी मक्केच्या वेळेचा आधार घेतला. दोन्ही बाजूंना आलिमांची मते आहेत. अशा रोजाचे दिवस तिथल्या मुलीने तारीखवार लिहून ठेवले, तर ते कोणत्याही प्रवासवर्णनातल्या ‘किती स्वच्छ शहर!’ या उद्गारापेक्षा मोलाचे ठरेल.

यासाठी मोठा पंडित असावे लागत नाही. नीबूर शेतकऱ्याचा मुलगा होता. शंभर पानी वही, तारीख, गावाचे नाव, सांगणाऱ्याचे नाव आणि जे पाहिले ते तसेच लिहिण्याची नियत, एवढे भांडवल पुरे. घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर सुरुवात व्हायला हवी. जे समजत नाही, तेही उतरवून घ्यावे. वाचणारा पुढे येईल.