नऊशे वर्षांची वही, पंधरा वर्षांची तबकडी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे नव्या चोपड्यांना हळदकुंकू लागते. हिशेबाच्या वहीपुढे हात जोडणारे जगात आपण एकटेच नाही. इंग्लंडात एक वही अशी आहे की, तिला तेथल्या प्रजेने देवाच्या अखेरच्या निवाड्याचेच नाव देऊन टाकले. १०८५ सालच्या नाताळात ग्लॉस्टर येथे दरबार भरला असता विल्यम राजाने हुकूम सोडला की, कोणाकडे जमीन किती, नांगर किती, पाणचक्क्या किती, याची गावोगाव मोजदाद करा. वीस वर्षांपूर्वी तलवारीने जिंकलेले राज्य. त्याची किंमत काय, हे राजाला कळायला हवे होते. १०८६ मध्ये मोजदाद झाली आणि ती चामड्याच्या पानांवर लॅटिनमध्ये उतरली. तिच्यात जे लिहिले गेले त्यावर दाद नाही, फिर्याद नाही. म्हणून लोक तिला ‘डूम्सडे बुक’ म्हणू लागले. लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात ती आजही सुखरूप आहे. लॅटिन आणि त्या काळची लेखनिकांची संक्षेपाक्षरे ज्याला कळतात, त्याने पान उघडावे आणि वाचू लागावे.

परंतु मला सांगायची आहे ती तिच्या पणतीची गोष्ट.

१९८६ साली या वहीला नऊशे वर्षे पूर्ण होणार होती. त्या निमित्ताने बीबीसीच्या मंडळींच्या मनात आले की, देशाची पुन्हा एकदा मोजदाद करावी. मात्र या वेळी राजाचे कारकून नकोत, शाळेतली मुले हवीत. साऱ्या ब्रिटनच्या नकाशावर चार किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद असे चौकोन आखले गेले आणि ते शाळांना वाटून दिले गेले. शाळा नसेल तेथे गावातली मंडळे पुढे आली. प्रत्येक चौकोनाची थोडी छायाचित्रे आणि थोडी पाने मजकूर, एवढीच जागा. मुलांना सांगितलेले होते की, आणखी हजार वर्षांनी येणाऱ्या माणसाला जे जाणून घ्यावेसे वाटेल ते लिहा.

मी शाळामास्तर. ‘आमचा गाव’ या विषयावर मुले काय लिहितात ते मला चांगले ठाऊक आहे. गावाच्या उत्तरेस नदी, दक्षिणेस डोंगर, मध्यभागी मारुतीचे देऊळ. वही कोणाचीही उघडा, नदी उत्तरेलाच. पण हजार वर्षांनंतरच्या वाचकाला पत्र लिही म्हटले, म्हणजे मूल क्षणभर थांबते आणि मग आईने डब्यात काय दिले ते लिहू लागते. तिकडेही तसेच झाले. मुलांनी गावाचा भूगोल आणि इतिहास तर लिहिलाच, पण आपला रोजचा दिवसही लिहून ठेवला. त्याच सुमारास, १९८४-८५ मध्ये, कोळसा खाणकामगारांचा मोठा संप होऊन गेला होता आणि पुढे एकेक खाण बंद पडत गेली. म्हणजे जे जग ही मुले टिपत होती, ते त्यांच्या पाठीमागे मिटतच चालले होते. दहा लाखांहून अधिक माणसांचे हात या कामाला लागले. पाने झाली सुमारे १ लाख ४७ हजार आणि छायाचित्रे २३ हजारांवर.

आता हे सारे ठेवायचे कशात? कागदावर छापले असते तर गोष्ट इथेच संपली असती आणि मला लिहायला विषय उरला नसता. ज्यांनी योजना आखली ते काळाच्या पुढचे लोक होते, आणि तेच नडले. त्यांनी ३० सेंटिमीटर व्यासाच्या, चकाकत्या, लेसरच्या किरणाने वाचायच्या तबकड्या निवडल्या. तबकडीच्या एका बाजूवर चोपन्न हजार स्थिर चित्रे मावत. आणि जिथे एरवी ध्वनी भरायचा तिथे संगणकाने वाचायची माहिती भरली, बाजूला सुमारे ३०० मेगाबाइट. एक तबकडी लोकांनी लिहिलेल्या मजकुराची, दुसरी राष्ट्राच्या आकडेवारीची. नकाशावरून देश, देशातून परगणा, परगण्यातून आपले गाव असे उतरत जावे, किंवा शब्द सांगून शोधावे. सारी हाताळणी एका गोल चेंडूने. आजच्या मुलाला याचे काही वाटणार नाही. पण ज्या संगणकाकडून हे करून घेतले त्याची स्मृती १२८ किलोबाइट होती. आज खिशातल्या फोनने काढलेला एक फोटो तिच्यात मावायचा नाही.

हा संगणक म्हणजे बीबीसी मास्टर, एकॉर्न कंपनीचा. त्याला जोडायचा तबकडीवादक फिलिप्स कंपनीचा. सगळ्या संचाची किंमत पाच हजार पौंडांच्या घरात गेली. मुलांनी लिहिले, पण कित्येक मुलांच्या शाळेला ते विकत घेता आले नाही! राजाच्या मोजदादीनंतर शेतकऱ्याच्या हाती तरी ती वही कुठे पडली होती म्हणा.

पुढे तो संगणक बनणे थांबले, तो वादकही थांबला. २००२ च्या सुमारास इंग्लंडमधल्या वृत्तपत्रांत हाकाटी झाली की, नऊशे वर्षांची वही वाचता येते आणि पंधरा वर्षांची तबकडी वाचता येत नाही. वाक्य झणझणीत आहे, पण मला त्यात थोडी अतिशयोक्ती दिसते. तबकड्या होत्या, त्यांवरची अक्षरे होती, चालू स्थितीतले काही मोजके संचही होते. संपत चालला होता तो वाचणारा. आपल्याला हे समजायला परदेशी जायला नको. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधलेले आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत. पण सरसर मोडी वाचणारी माणसे किती उरली?

मोडीसाठी निदान नवा माणूस शिकवून तयार करता येतो. बंद पडलेल्या यंत्राचे काय करायचे?

ते लीड्स आणि मिशिगन या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी करून दाखवले. त्यांनी जुना वादक आधुनिक संगणकाला जोडून तबकडीवरची माहिती आणि चित्रे उतरवून घेतली. मग एक बहुरूपी उभा केला. आपला बहुरूपी पोलिसाचा वेष घेऊन दारात येतो आणि दोन क्षण आपल्याला खराच वाटतो. तसा हा एक कार्यक्रम, जो नव्या संगणकावर चालतो आणि जुन्या बीबीसी मास्टरचे सोंग आणतो. जुनी प्रणाली विचारते, ‘अमुक चित्र दाखव.’ तिला वाटते आपण वादकाशीच बोलतो आहोत. प्रत्यक्षात उत्तर देतो तो बहुरूपी, आणि चित्र येते ते नव्या साठ्यातून. जुन्या प्रणालीच्या एकाही अक्षराला हात लावावा लागत नाही. मूळ सोंग काही हौशी मंडळींनी आपल्या लहानपणच्या संगणकावरील प्रेमापोटी लिहिलेले होते. विद्यापीठाच्या लोकांनी त्याला वादकाची भूमिका शिकवली. डिसेंबर २००२ मध्ये ते लोकांपुढे चालवून दाखवण्यात आले.

या युक्तीला इंग्रजीतला ‘इम्युलेटर’ हा शब्द रूढ आहे, आणि ती नवी नव्हे. १९६४ साली आयबीएमने ३६० नावाची यंत्रे जाहीर केली, तेव्हा गिऱ्हाइकांच्या कचेऱ्यांत जुन्या १४०१ यंत्रांसाठी लिहिलेले कार्यक्रम पडून होते. ते फेकून द्या म्हणायला कोण धजावणार? म्हणून नव्या यंत्रालाच जुन्याचे सोंग शिकवले गेले. याच कुळातली दुसरी विद्या ‘व्हर्च्युअल मशीन’, आभासी यंत्र. १९७२ मध्ये आयबीएमने ती बाजारात आणली. तिच्यात एकच यंत्र अनेकांना असे वाटले जाते की, ज्याला त्याला वाटावे आपल्यापाशी पुरे यंत्र आहे. रासात प्रत्येक गोपीला कृष्ण आपल्याच शेजारी दिसावा तसे. आज कित्येक कचेऱ्यांत पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची माहितीप्रणाली अशाच आभासी यंत्रात बसून मुकाट्याने काम करीत असते. तिचे मूळ यंत्र कधीच भंगारात गेलेले असते, आणि तिला त्याचा पत्ता नसतो.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? मजकूर काढून घ्यावा, नव्या पद्धतीत मांडावा. तेही झाले. बीबीसीच्या साठ्यात चित्रांच्या मूळ फिती सापडल्या. त्यांवरून घेतलेली चित्रे तबकडीवरल्यापेक्षा स्वच्छ निघाली. २००३ मध्ये क्यू येथे लोकांची तबकडी साध्या संगणकावर पाहण्याची सोय झाली. २००४ मध्ये एका जाणकाराने ती आंतरजालावर आणली. २००८ मध्ये तो गृहस्थ वारला आणि त्याच्याबरोबर ती सोयही गेली. २०११ मध्ये खुद्द बीबीसीने पुन्हा मांडली आणि लोकांना सांगितले की, तुमच्या चौकोनात आज काय आहे तेही लिहा. २०१८ मध्ये तीही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या जतनसाठ्यात गेली. एकाच मजकुराच्या पंधरा वर्षांत चार मांडण्या! आणि राष्ट्राच्या तबकडीचे घोडे स्वामित्वहक्काच्या दलदलीत अडले, कारण तिच्यात कितीतरी जणांचे लेखन आणि चित्रे.

मला स्वतःला मांडणीपेक्षा सोंग प्रिय आहे. कादंबरी लिहिणाऱ्याचा हा पक्षपात समजा. राष्ट्राच्या तबकडीत एक चित्रदालन होते. त्यात शिरायचे, भिंतीवरल्या चित्राजवळ जायचे, दारातून पलीकडल्या खोलीत जायचे. त्या काळी माणसाला माहितीत कसे फिरावेसे वाटले, हे त्या चालण्यात आहे. मजकूर उपसून काढला की, शब्द उरतात आणि चाल जाते. पण बहुरूप्यालाही उभे राहायला अंगण लागते. लीड्सचे सोंग २००२ च्या संगणकासाठी शिवलेले होते. ते संगणकही आज म्हातारे झाले. म्हणून अलीकडे काही हौशी मंडळी आणखी मागे गेली. तबकडीवरून परावर्तित होऊन येणारा कच्चा संकेत जसाच्या तसा टिपून ठेवायचा, त्याचा अर्थ पुढची माणसे लावतील, अशी त्यांची रीत.

इंग्लंडात ब्लेचली पार्कच्या आवारात संगणकांचे संग्रहालय आहे. तेथे मूळ संच राखून ठेवलेला आहे, तबकडीसकट. चेंडू फिरवला की, नकाशा सरकतो, आणि १९८६ सालच्या एखाद्या शाळेतल्या मुलाने हजार वर्षांनंतरच्या माणसासाठी लिहिलेले पान पडद्यावर येते. ते मूल आज पन्नाशीला टेकले असेल.