रब्बी ज्वारीतील अवर्षणताण (सोलापूर)

रब्बी ज्वारीतील अवर्षणताण म्हणजे जमिनीतील ओल पिकाच्या गरजेपेक्षा कमी पडल्याने त्याच्या वाढीवर व उत्पादनावर होणारा परिणाम. महाराष्ट्रातील सोलापूर जिल्हा हे या पिकाचे प्रमुख क्षेत्र असून तेथील कोरडवाहू शेतीचा हा मूळ प्रश्न आहे.

कोकणातील वरकस जमिनीवरील भाताला ताण बसतो तो दोन पावसांमधील खंडामुळे. पुढच्या सरीने पीक सावरू शकते. रब्बी ज्वारीला अशी संधी क्वचितच मिळते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरलेले हे पीक काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवरच वाढते. ओल वरून खाली आटत जाते, त्यामुळे ताण पिकाच्या उत्तरार्धात सर्वाधिक असतो. काळी जमीन सुकताना तिला भेगा पडतात आणि त्यांतून खोलवरची ओलही उडून जाते. कोळपणीचा उद्देश तण काढण्याइतकाच या भेगा बुजवण्याचा असतो.

== पिकावरील परिणाम ==
ताण जाणवताच पानांवरील पर्णरंध्रे मिटतात व पाने गुंडाळली जातात. पाणी वाचते, परंतु कार्बन डायऑक्साइडचे ग्रहण घटून अन्ननिर्मिती मंदावते. पानांवरील मेणाचा थर आणि खोल जाणारी मुळे यांमुळे ज्वारी इतर अनेक तृणधान्यांपेक्षा अधिक काळ तग धरते.

पीक पोटरीत असताना ओल संपल्यास कणीस नीट बाहेर पडत नाही व दाण्यांची संख्या घटते. फुलोऱ्यानंतर संपल्यास दाणे बारीक राहतात. दाणे भरण्यासाठी झाड खोडातील साठा वापरू लागते. अशा दुबळ्या खोडात मॅक्रोफोमिना फॅसिओलिना ही बुरशी शिरून खडखड्या रोग होतो, ताटे लोळतात आणि धान्याबरोबर कडबाही हातचा जातो. पशुपालकाच्या दृष्टीने हे नुकसान धान्याच्या नुकसानीहून लहान नसते.

== संशोधन व उपाय ==
सोलापूर येथे १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण अनेक दशके टिकून आहे. भाकरीची चव व कडब्याची प्रत ही त्याची मोठी कारणे आहेत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

वाणाची निवड जमिनीच्या खोलीवर अवलंबून असते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, तर भारी जमिनीसाठी फुले वसुधा असे वाण शिफारसित केले आहेत. हलक्या जमिनीत ओल लवकर संपत असल्याने तेथे लवकर पक्व होणारा वाण सोयीचा ठरतो. पेरणीपूर्वी वाफे पाडून पावसाचे पाणी जागीच मुरवले जाते. पेरणी लांबल्यास खोडमाशीचा उपद्रव वाढतो आणि दाणे भरण्याच्या वेळी ओल उरत नाही. संरक्षित पाणी एकदाच देता येत असेल, तर ते पेरणीनंतर ५० ते ५५ दिवसांनी, पीक पोटरीत असताना देतात.