काळ्या पाण्यावर गेलेली काशीबाई

काळे पाणी म्हटले की अंदमानचे सेल्युलर जेल आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. ते जेल १९०६ साली पूर्ण झाले. परंतु पोर्ट ब्लेअर (आजचे श्री विजयपुरम) येथे इंग्रजांनी कैद्यांची वसाहत वसविली ती १८५८ सालीच. तेथे १८५७ च्या बंडातील शिपायांप्रमाणे साध्या घरांतील स्त्रियाही पाठविल्या गेल्या. पुण्याची काशीबाई ही त्यांपैकी एक होय.

काशीबाई ही तरुण ब्राह्मण विधवा होती. महात्मा जोतीराव फुले यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाक करून ती पोट भरीत असे. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला नादी लावले आणि तिला दिवस गेल्यावर अंग काढून घेतले. मुलगा झाला. लोकलाजेच्या भीतीने तिने त्याचा जीव घेतला व प्रेत विहिरीत टाकले. पुढे ते पोलिसांना सापडले.

१८६३ साली पुण्याच्या सेशन कोर्टात खटला उभा राहिला. इंडियन पिनल कोड १८६२ च्या जानेवारीपासून लागू झालेले होते. खुनास फाशी किंवा जन्मठेप काळे पाणी अशी शिक्षा होती. काशीबाईस जन्मठेप झाली व तिची रवानगी अंदमानात झाली. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. पण तो कागदावर राहिला.

त्याच १८६३ साली आपल्या कर्जतवरून बोरघाट चढणारी आगगाडी सुरू झाली. तोवर प्रवाशांना खोपोलीस उतरून पालखीने वा गाडीने खंडाळा गाठावा लागे. डोंगर फोडून वाट झाली, परंतु संकटात सापडलेल्या विधवेला जाण्यास एक दारही उघडे नव्हते.

ते दार फुले दांपत्याने उघडले. या खटल्याने व्यथित होऊन जोतीराव व सावित्रीबाई यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे गुप्तपणे व सुखरूप बाळंत होता येई. १८८४ सालापर्यंत ३५ विधवांनी तेथे आश्रय घेतला, असे जोतीरावांनीच लिहून ठेवले आहे. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला.

तरीही समाज लवकर बदलला नाही. १८८१ साली सुरत जिल्ह्यातील विजयालक्ष्मी या विधवेला याच गुन्ह्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. त्या वेळच्या चर्चेने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले आणि दोष एकट्या बाईच्याच माथी का, असा रोकडा सवाल केला.

बालकाचा जीव घेणे हा गुन्हाच होय. त्याचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु काशीबाईची हकीकत वाचताना त्या शास्त्र्यालाही विसरू नये, आणि ज्यांच्या भीतीने तिने ते केले त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही विसरू नये. पालकांनी तर एवढे अवश्य करावे, की मुलीवर कसलेही संकट आले तरी ते सांगण्यास तिला आपल्या घराइतकी दुसरी निर्धास्त जागा वाटू नये.