तळटीप : मारिओ आणि मुंबईचे जाझवाले

* व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांचा जन्म दमणचा, घर मात्र गोव्यातल्या लोटलीचे. लहानपणापासून ते रोजनिशी शब्दांपेक्षा चित्रांतूनच लिहीत. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या त्यांच्या चित्रमय डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने निघाल्या. त्यांच्या मित्रांच्या आठवणी चाळायच्या तर आधी त्याच उघडाव्यात. ‘टाइम्स’मध्ये आर. के. लक्ष्मण त्यांचे सहकारी होते.

शीर्षकातले ‘जाझवाले’ म्हणजे मुख्यतः मारिओंसारखेच गोवेकर असलेले वादक.

चिक चॉकलेट (मूळ नाव अँटोनिओ झेवियर वाझ) हे हळदोण्याचे ट्रम्पेटवादक. भारताचे लुई आर्मस्ट्राँग ही त्यांची ओळख. मुंबईच्या हॉटेलांत वाजवणारे असे अनेक वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडेही वळले. नोटेशन वाचण्याची सवय त्यांना तिथे उपयोगी पडली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र यांनी चिक यांना साहाय्यक म्हणून सोबत घेतले. भगवानदादांच्या ‘अलबेला’तल्या (१९५१) गाण्यांत ट्रम्पेटचा ठसका आहे, तो या जोडीमुळे. जिज्ञासूंनी तो चित्रपट जरूर पाहावा. चिक आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. (संपादक)