मगन चूल आणि बुलढाण्याची भाकरी

वऱ्हाडातील स्त्रियांच्या नेत्रविकारांचा व श्वासविकारांचा विचार चुलीवाचून पूर्ण होत नाही. डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याच्याच कार्यातून १९४७ च्या सुमारास धुराडे असलेली ‘मगन चूल’ प्रचारात आली. पुढे १९८३ च्या अखेरीस आरंभलेला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ मध्ये संपला.

तथापि बुलढाणा जिल्ह्यात लांब पऱ्हाट्या व तुराट्या जाळण्याची, तसेच ज्वारीची भाकरी निखाऱ्यांसमोर उभी करून शेकण्याची रीत आहे. चुलीचे तोंड आखडले, की धुराबरोबर ही सोयही जाते. मग गृहिणी उघड्या चुलीकडेच वळली, तर दोष तिचा नव्हे. आरोग्यसाधनाची रचना तिच्या भाकरीपासूनच आरंभिली पाहिजे.